दगड मुळशीत, नोंद भलतीकडे

वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड, सापडायला महिनोन्‌महिने रानात फिरावं लागतं. किस्सा सापडायला पौडच्या चहाच्या टपरीपर्यंतसुद्धा जावं लागत नाही! आम्ही चौघं गेली काही वर्षं दर रविवारी मुळशीत हिंडतो आणि जुन्या दगडांच्या, पाण्याच्या टाक्यांच्या, खापरांच्या नोंदी करतो. काही उचलायचं नाही. फोटो काढायचा, माप घ्यायचं, जागा लिहायची, एवढंच. नोंदी मोजक्याच झाल्यात. किस्से मात्र मोजता येईनात. आणि गंमत म्हणजे त्यातले बरेचसे रानात घडलेलेच नाहीत. आमच्या यादीतली नोंद दुसऱ्या कुणाच्या डेटाबेसमध्ये गेली की किस्सा सुरू होतो.

चौघं कोण ते आधी सांगते. मी भुकूमला राहते, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. त्यामुळे कॉम्प्युटरचं जे काही असेल ते माझ्या गळ्यात. वाळंज सर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक. ते दगडाचं चित्र असं काढतात की फोटोनं लाजावं. सुमनताई गायकवाड आशा सेविका आहेत. वाड्यावस्त्यांवर घरोघर जातात, त्यामुळे निम्मे शोध त्यांचेच. आणि चौथे धोंडूमामा मरगळे. शेरडं-मेंढरं राखतात. डोंगरातलं एकेक टाकं त्यांच्या जनावरांनी चाखलेलं आहे!

*

पहिल्यांदा आम्ही आमची यादी एका मोठ्या पोर्टलला दिली. मी दोन शनिवार खर्च करून एकेक रकाना नीट लावला, अपलोड केलं आणि आनंदात झोपले.

सोमवारी ऑफिसात ईमेल! 'समुद्रतळावरील पुरावशेष नोंदवल्याबद्दल आपले अभिनंदन. पाण्याखालील संशोधनाची परवानगी कृपया जोडावी.'

समुद्रतळ? मी नकाशा उघडला. मुळशी तालुका रिकामा! एक ठिपका नाही. नकाशा लहान करत करत गेले, आणि नॉर्वेच्याही वर, बर्फाळ समुद्रात आमचे सगळे ठिपके गर्दी करून बसलेले. अक्षांशाच्या जागी रेखांश आणि रेखांशाच्या जागी अक्षांश. चूक माझीच. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मी पगार घेते, हे त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही.

रविवारी धोंडूमामांना तो नकाशा दाखवला. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं.

"ह्ये निळं काय हाय?"

"समुद्र, मामा."

"आन ह्ये ठिपकं?"

"आपली टाकी."

मामांनी फोन परत दिला. "मंग माजी शेरडं रोज पवत जात्यात म्हना की!"

*

ते दुरुस्त झालं. पुढच्या आठवड्यात बघते तर अठरा गावांतल्या अठरा नोंदी गायब! पोर्टलनं स्वतःच 'एकसारख्या नोंदी' म्हणून त्या एकात मिसळून टाकलेल्या. सगळ्यांचं नाव एकच होतं ना: 'मारुती मंदिरासमोरील वीरगळ'.

वाळंज सर हादरलेच. "अठरा वीर! अठरा जण वेगवेगळ्या लढायांत मेले, आणि यांनी एका झटक्यात त्यांचा एकच माणूस केला? आणि अठरा मारुतींचा एकच मारुती?"

मामा बिडी विझवत म्हणाले, "वीराचं चुकलं त्येंचं. मारुतीचं बराबर हाय."

*

सुमनताईंना एका वस्तीवर हिराबाई नावाच्या बाईंच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा फार जुना टाक दिसला. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला देव, तळहातात मावेल एवढा. हिराबाईंना विचारून ताईंनी नोंद केली : टाक, उंची तीन इंच.

ही नोंद पुण्याच्या एका संस्थेकडे गेली. त्यांच्या डेटाबेसमध्ये सगळं इंग्रजी अक्षरांत. तिथून ती आणखी एका यादीत गेली आणि परत मराठीत आली. येईपर्यंत 'टाक'चं झालं होतं 'टाकं', आणि इंच वाटेत कुठंतरी गळून पडले होते. उरलं काय? पाण्याचं टाकं, उंची तीन. तीन काय? त्यांनी समजून घेतलं, मीटर!

एका दुपारी हिराबाईंच्या दारात एक तरुण इंजिनियर उभा. हातात टेप, डोक्यावर टोपी, घामाघूम. जुन्या पाणीसाठ्यांची पाहणी करायला आलेला.

"मावशी, तुमच्याकडे ऐतिहासिक टाकं आहे ना?"

"हाय की."

"बघायला मिळेल?"

"चपला काढा."

बिचाऱ्याला वाटलं, टाक्याच्या पाण्यात उतरायचंय. त्यानं चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडली आणि हिराबाईंच्या मागोमाग थेट देवघरात! हिराबाईंनी देव्हाऱ्यातला टाक पुढं केला. इंजिनियर टाकाकडे बघतोय, हातातल्या कागदाकडे बघतोय, परत टाकाकडे. पण सरकारी फॉर्म तर भरायलाच हवा. त्यानं घसा साफ केला.

"याला... पाणी किती लागतं?"

"अभिषेकाला पळीभर," हिराबाई म्हणाल्या. "चंपाषष्ठीला जरा जास्ती."

*

आता वाळंज सरांचा किस्सा. सर म्हणजे सज्जन माणूस. सगळी हयात पोरांना निसर्गचित्रं शिकवण्यात गेली. पोर्टलवरचं खातं त्यांच्याच नावावर.

घाटमाथ्याजवळ आम्हाला एक गधेगळ मिळाला. जुन्या काळी दान दिलेल्या जमिनीवर कुणी हात टाकू नये म्हणून दगडात कोरून शिवी द्यायचे. शिवीत एक गाढव असतं आणि एक बाई असते. पुढचं मी सांगत नाही, दगडानं सांगितलंय तेवढं पुरे. सरांनी अगदी अभ्यासू मनानं फोटो काढले, शेजारी स्वतःच्या हातानं स्वच्छ रेखाचित्र काढून जोडलं आणि अपलोड केलं.

सकाळी सरांच्या फोनवर नोटीस. फोन होता काकूंच्या हातात, भाजी मागवायला घेतलेला. त्यांनी ओसरीवर, शेजारणींच्या देखत, मोठ्यानं वाचली. "अश्लील चित्र प्रसारित केल्यामुळे आपले खाते बंद करण्यात येत आहे."

सरांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"अहो," काकू म्हणाल्या, "रविवारी तुम्ही नक्की जाता कुठं?"

सर तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत. मी कितीदा सांगितलं, "सर, मशीननं पकडलंय, माणसानं नाही." पण त्यांना ते फार लागलं होतं. शेवटी त्यांनी सुवाच्य अक्षरांत अर्ज लिहिला, मी स्कॅन करून पाठवला : 'सदर चित्र माझ्या कल्पनेतील नसून मूळ शिल्प सुमारे आठशे वर्षांपूर्वी अज्ञात शिल्पकाराने कोरलेले आहे. कृपया खाते सुरू करावे.'

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं : 'आपला अर्ज विचाराधीन आहे. कृपया मूळ कलाकाराचे संमतीपत्र जोडावे.'

*

पुण्याच्या त्या संस्थेनं एकदा कार्यक्रम ठेवला. वेगवेगळ्या लोकांनी केलेल्या नोंदी एकत्र कशा आणायच्या, यावर. आम्हाला बोलावलं. सुमनताई सकाळच्या लसीकरणाची ड्युटी उरकून गणवेशातच गाडीत बसल्या.

एसी हॉल, मोठा पडदा. पडद्यावर मुळशी. संस्थेच्या साहेबांनी एका ठिपक्यावर क्लिक केलं, आमचाच वीरगळ! आम्ही खूश. खाली लिहिलेलं : 'शोधक : अज्ञात स्थानिक महिला'. दुसरा ठिपका. 'शोधक : अज्ञात स्थानिक महिला'. तिसरा. चौथा. मी पाठवलेल्या यादीत प्रत्येक नोंदीपुढं ताईंचं पूर्ण नाव होतं. शेजारी बघायचं धाडस होईना.

पाचव्या ठिपक्याला ताई उभ्या राहिल्या.

"थांबा जरा, साहेब. ती अज्ञात बाई हितं बसलीया. सुमन रमेश गायकवाड म्हनत्यात तिला."

साहेब चांगला माणूस होता, गडबडून गेला. "ताई, माफ करा. पण सिस्टीममध्ये तो रकाना फक्त संस्थेच्या नावासाठी आहे. व्यक्तीचं नाव घेतच नाही ते."

"न्हाई घेत?"

"नाही ना."

"मंग संस्था म्हनून लिवा. सुमन गायकवाड. मला चालतंय."

परतीच्या वाटेवर भूगाव आलं. तशा ताई म्हणाल्या, "मी घरात पाय टाकला की पयलं नाव लिवते. बाळ जन्मल्यालं आसूं दे न्हाईतर गेल्यालं. नावाबिगर नोंद व्हत न्हाई. आमाला पयल्या दिशी ह्येच शिकिवलं."



साहेबानं शब्द पाळला. आजही त्या डेटाबेसमध्ये ताईंच्या सगळ्या शोधांपुढं 'सुमन गायकवाड (संस्था)' असं आहे. आणि गेल्या वर्षी ताईंच्या घरी छापील निमंत्रण आलं : 'आपल्या संस्थेच्या अध्यक्ष व सचिवांनी उपस्थित राहावे.'

ताई एकट्याच गेल्या. दारावर विचारलं, "सचिव कुठायत?"

"अध्यक्षांनी आनलंय त्यानला," ताई म्हणाल्या, आणि दोन्ही रकान्यांत सही करून आत गेल्या.

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. पण यादीत हवा.

नोंद दुसऱ्याला देताना नेमकी जागा लपवायची, हा आमचा दुसरा नियम. गावाचं नाव द्यायचं, नकाशावरचा अचूक आकडा वेगळ्या, बंद रकान्यात ठेवायचा. आम्ही ज्यांना दिलं त्यांनी तो बंदच ठेवला. पण त्यांनी पुढं आणखी एका यादीला दिलं, आणि तिथं तो बंद रकाना उघडा पडला. कुणी मुद्दाम केलं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. आमच्याही नाही.

मंगळवारी धोंडूमामांचा फोन. मामा कधी स्वतःहून फोन करत नाहीत.

"म्याडम, दगुड पडलाय. या."

मी रजा टाकून गेले, वाळंज सर आले. पठारावर मामांच्या भावकीचा एक उभा दगड होता. त्यावर घोडेस्वार कोरलेला, शेंदूर लावलेला. त्याच्या पायाशी माणूसभर खोल खड्डा! आजूबाजूला कापलेली लिंबं, हळद-कुंकू, फुटका नारळ. गुप्तधन शोधणाऱ्यांचं काम. दगड मधोमध तुटून खड्ड्यात कलंडलेला होता. घोडा वर, स्वार खाली.

सर खड्ड्याच्या काठावर बसले ते बसलेच. मी फोनवर तो नकाशा उघडला. ठिपका अगदी खड्ड्याच्या मधोमध होता. इतका अचूक की मलाच कौतुक वाटलं असतं.

मामा शेरडांकडे बघत म्हणाले, "जल्मापास्नं बगतुया मी ह्येला. माज्या शेरडांनी ह्येला अंगं घासली, म्हशींनी शिंगं घासली. कदी हलला न्हाई." मग माझ्याकडे वळून, "तुमी येक फोटू काढला."

त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

पोलिसांत तक्रार दिली. दोन्ही याद्यांना कळवलं. ठिपका तासाभरात गेला. खड्डा आम्ही चौघांनी आणि मामांच्या भावकीनं बुजवला, दोन्ही तुकडे एकमेकांना टेकवून उभे केले. त्यानंतर आम्ही कुठलीही नोंद त्या जागेच्या माणसाला विचारल्याशिवाय पुढं देत नाही. आमची अर्धी यादी आता फक्त वाळंज सरांच्या कागदी वहीत आहे.

मला वाटलं, मामा आता येणार नाहीत. महिन्याभरानं, रविवारी सकाळी, नेहमीच्या ठिकाणी हजर!

"नवं टाकं घावलंय. दावतो. लई नामी हाय."

मी पाठीवर सॅक घेतली. मामांनी हात पुढं केला.

"फोन हितं ठिवा. मंग चला."

*

आणि आता हा.

सरांचं खातं एकदाचं सुरू झालं होतं. एके दिवशी पोर्टलकडून मेसेज आला : 'आपल्या नोंदीतील वीरगळ आणि अन्य सदस्याने नोंदवलेला वीरगळ एकच असण्याची शक्यता आहे. मात्र दोन्ही ठिकाणे वेगळी आहेत.' मारुतीचा अनुभव ताजा होता, म्हणून मी हसले. पण फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर हसू गेलं. तोच वीर, तीच ढाल. आणि खालच्या उजव्या कोपऱ्याचा टवका उडालेला, चंद्रकोरीसारखा, अगदी तस्सा!

आमचा फोटो धरणाकाठच्या एका गावाच्या वेशीवरचा, चार वर्षांपूर्वीचा. दुसरा कुणा हौशी पाहुण्यानं गेल्या महिन्यात टाकलेला. जागा, धरणाच्या पलीकडच्या अंगाचा एक रिसॉर्ट.

आम्ही आधी गावात गेलो. वेशीवर नवा कोरा रुंद रस्ता, आणि वीरगळाच्या जागी काहीच नाही. ज्यांच्या घराण्याचा तो वीर मानतात ते गणपतराव कुडले भेटले. त्यांनी रस्त्याकडे बोट दाखवलं. "काम चालू व्हतं तवा गेला. खाली गाडला आसंल. काय करनार?" साऱ्या गावानं तेच धरलं होतं.

मी त्यांना फोनवरचा फोटो दाखवला. गणपतराव घरात गेले, टोपी घालून आले आणि गाडीत बसले.

रिसॉर्टमध्ये स्विमिंग पूलजवळ, उघड्यावरच्या शॉवरशेजारी, सिमेंटच्या चौथऱ्यावर आमचा वीर उभा होता. त्याच्या डोक्यावर दोन ओले टॉवेल वाळत घातलेले!

सुमनताईंच्या तोंडून "अगं बया!" एवढंच निघालं. वाळंज सर तर पाठ फिरवूनच उभे राहिले.

मॅनेजर हसतमुख. "हेरिटेज कॉर्नर आहे मॅडम. गेस्ट खूप फोटो काढतात. ओनरनी रोडच्या कॉन्ट्रॅक्टरकडून घेतला, सगळं ऑफिशियल आहे." काहीही ऑफिशियल नव्हतं, ते त्याला कळायला पुढचे दीड महिने लागले. मला मात्र भलतंच दिसत होतं. दगडाच्या पायाशी ताजं जास्वंदीचं फूल होतं.

"हे कोण ठेवतं?"

"हाउसकीपिंग ठेवत असेल. वेलकम डेकोरेशन."

तेवढ्यात साडीवर रिसॉर्टचा एप्रन बांधलेली एक बाई बादली घेऊन आली. आमच्याकडे तिचं लक्ष नव्हतं. तिनं टॉवेल काढले, घड्या करून बाजूला ठेवले, बादलीतलं तांब्याभर पाणी वीराच्या डोक्यावरून सोडलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं. वळली, आणि समोर गणपतराव!

ती त्यांची सून होती, मंगल. ती रिसॉर्टवर कामाला जाते हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दगड तिथं आहे, हे कुणालाच नाही.

"तू... ह्यो हितं हाय, आन तू घरात बोलली न्हाईस?" गणपतरावांनी विचारलं.

"बोलले व्हते," मंगल म्हणाली. "ट्रकात घालत्यात म्हनून पळत आले व्हते सांगाया. तुमीच म्हनलासा, दगडाचं काय घिऊन बसलीस, भाकरी टाक."

गणपतरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"ट्रक कुटं गेला त्ये इचारत इचारत आले मी. बाहेरच्याला आत सोडत न्हाईत. मंग काम मागितलं."

मॅनेजर तोंड उघडं टाकून ऐकत होता. "म्हणजे मंगलताई, तुम्ही अडीच वर्षं..."

"पानी कोन घालनार त्येला?" मंगल म्हणाली, बादली उचलली आणि खोल्या झाडायला गेली.

पुढं ग्रामसभेचा ठराव झाला, तहसीलला अर्ज गेले, पोर्टलनं दोन्ही नोंदींचे फोटो तारखांसकट लेखी दिले. मालकानं जास्त ताणलं नाही. ठरलेल्या दिवशी गावाचा ट्रॅक्टर रिसॉर्टच्या फाटकात आला. गवताच्या पेंढ्या अंथरून, दोर लावून, वीस जणांनी वीर ट्रॉलीत चढवला. दुपारचे बारा वाजत होते.

मंगल सकाळपासून कामावरच होती. ट्रॉलीचं फळकूट लागल्यावर ती आली. अंगावरचा रिसॉर्टचा एप्रन काढला, त्याची नीट चौकोनी घडी केली, मॅनेजरच्या हातात ठेवली आणि चाकावर पाय देऊन ट्रॉलीत चढली.

मॅनेजर गोंधळून मागे धावला. "अहो मंगलताई! ड्युटी पाचपर्यंत आहे ना तुमची?"

मंगलनं वीराच्या पाठीला हात लावून बैठक मारली.

"ड्युटीच निगाली की, साहेब."